बिनदुधाची वही

डबा भरलेलाच परत आला. उकडलेला बटाटा, वाटाणे, भाताचे दोन गोळे, सगळं सकाळी भरलं तसंच्या तसं. मी पाळणाघराच्या दारात एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मुलीचा एक बूट घेऊन उभा होतो. दुसरा बूट कुठे टाकलाय ते शोधत ती आत हिंडत होती. पाळणाघरातल्या ताई टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "राहू द्या हो, पोट भरलंय तिचं. हल्ली ती त्या जुळ्यांच्या वाटीतलंच खाते. दही फार आवडतं तिला." बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोलून बसलो ते. फडकं जागच्या जागी थांबलं. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "झाले असतील तीन आठवडे." मी डबा पिशवीत टाकला. खरं तर बोलायला हवं होतं, निदान माझ्याकडून तशी अपेक्षा होती, कारण त्या टेबलापासून एक पाऊल मागे सरकल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, मीच लावलेली यादी होती. टाइप केलेली, वर प्लास्टिक चढवलेली, ओल्या हाताचे डाग पडू नयेत म्हणून. दूध नको, दही नको, लोणी नको, चीज नको, बिस्किटं नकोत, दुसऱ्याच्या डब्यातलं काहीही नको. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरात: जेवताना वेगळं बसवावं.

तर ती वेगळी बसायची. खिडकीपाशी एक छोटं टेबल, एक छोटी खुर्ची. मोठ्या टेबलाला नऊ मुलं आणि ही तिकडे एकटी, वाटाणे मोजत. ताई म्हणाल्या, "ती खुर्ची ओढत मोठ्या टेबलाकडे यायची हो. रोज. मी रोज परत नेऊन ठेवायची. एक दिवस नाही नेली." त्या दिवशी त्यांचं लक्ष जाईपर्यंत अर्धी वाटी दही पोटात गेलेलं होतं. मग म्हणे त्या दुपारभर तिच्या उशाशी बसून होत्या, दर अर्ध्या तासाने ताप बघत. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी बघणं सोडून दिलं. "सांगणारच होते," त्या म्हणाल्या. "मग सांगितलं का नाहीत?" "तुम्ही ओरडता." हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की ओरडायची सोयच उरली नाही. तेवढ्यात आमचं कन्यारत्न दुसरा बूट डोक्यावर घेऊन आलं. मी खाली बसलो, बूट चढवले, तिचा सदरा वर करून पोट बघितलं. पोट म्हणजे पोट होतं. मऊ, गोल, बेंबीशी निळ्या खडूचा डाग.

हिचं नाव काय ठेवलंय ते कागदावर आहे. घरात तिला ढब्बी म्हणतात. माझ्या आईने ठेवलेलं. सात-आठ महिन्यांची असताना तिच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं, मांड्या माझ्या दोन बोटांच्या कडीत मावायच्या. तेव्हा आई तिला उचलून म्हणाली, "काय गं ढब्बे, किती जड झालीस." आम्ही हसलो. त्या काळात आम्ही फार हसत नव्हतो. लंगोटात रक्ताचे धागे दिसायचे, दूध पाजलं की तासाभरात उलटी, रात्र नाही दिवस नाही नुसतं रडणं. चार डॉक्टर झाले. पाचव्या बाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं, हिला दूध सोसत नाही, आईने खाल्लेलंही सोसत नाही, थेंबही नको, आणि बहुतेक मुलं तीन वर्षांची होईतो यातून बाहेर पडतात. माझ्या बायकोने त्या दिवसापासून दुधाची कॉफी सोडली. मी वही सुरू केली. वहीत तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, पोट, कातडी, झोप. दहा दिवसांत रक्त थांबलं. महिन्यात मांड्या भरल्या. ही वहीची कमाई आहे असं मला वाटलं, आणि त्या वेळी ते बरंचसं खरंही होतं.

मला हे काम जमतं. मी दात बनवतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा घेतो आणि डबीत घालून आमच्याकडे पाठवतो. आमच्या खोलीला एक खिडकी, चार दिवे, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. साच्यात प्लास्टर ओतायचं, त्या प्लास्टरच्या जबड्यावर मेणाचा दात घडवायचा, मग खरा. निळा कागद मध्ये धरून वरखालचे जबडे मिटायचे, निळं लागेल तिथे घासायचं, केसाएवढं. गेल्या सतरा वर्षांत मी हजारो दात केले आणि त्यातलं एकही तोंड पाहिलेलं नाही. आमचे उस्ताद सांगतात, "प्लास्टरवर बसला ना, मग आपलं काम संपलं. तोंडात नाही बसला तर ते तोंडाचं बघून घेतील." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. नंतर अंगवळणी पडलं.

तर मी दुकानात पाकिटं उलटी धरून वाचायला लागलो. दूध बारीक अक्षरांत दहा नावांनी लपून बसलेलं असतं. पावात असतं, बटाट्याच्या कापांवर मसाल्याच्या नावाखाली शिंपडलेलं असतं, आणि एकदा तर खोकल्याच्या गोळीत सापडलं. मागे रांग लागायची, लोक चुळबुळ करायचे, मी शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय हलायचो नाही. शेजाऱ्यांच्या मुलाचा वाढदिवस असला की आम्ही आमच्या केकचा तुकडा डब्यात घालून न्यायचो, आणि मी ढब्बीला भिंतीकडे तोंड करून बसवायचो, म्हणजे दुसरा केक दिसायला नको. बायको एकदा म्हणाली, "तू असा उभा असतोस, लोकांना वाटतं पोलीस आलेत." ती ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसते, दिवसभर माणसं बघते, तिला कळतं. मी म्हणालो, "पोलीस हवाच एक घरात." तेव्हा ती हसली होती. नंतर नंतर हसेनाशी झाली. दोन महिन्यांपूर्वी मी घरातलं सगळंच दूध बंद केलं, तिचं स्वतःचंही, जे तिने मुलीचं अंगावरचं दूध तुटल्यावर कुठे पुन्हा सुरू केलं होतं. कपात राहतं, चमच्याला लागतं, असं माझं म्हणणं. तिने कपाटातून आपला आवडता कप काढला, धुतला आणि ऑफिसात नेऊन ठेवला. भांडलीसुद्धा नाही.

बसमध्ये ढब्बी माझ्या मांडीवर बसली होती आणि काचेवर बोटाने काहीतरी ओढत होती. मी एका हाताने वही काढली. ती नेहमी माझ्या पिशवीत असते. तीन आठवडे मागे गेलो. 'पोट उत्तम. ओट्सचं नवीन दूध मानवलेलं दिसतं.' 'झोप गाढ. घरातून दूध पूर्ण बंद केल्याचा परिणाम.' 'वजन दोनशे ग्रॅम वाढलं, पद्धत योग्य आहे.' हे मी लिहिलेलं, माझ्याच अक्षरात, टोकदार पेन्सिलीने, आणि त्यातला प्रत्येक दिवस ती दही खात होती. एका दिवशी गालावर थोडं लाल होतं, तिथे मी लिहिलं होतं, 'टोमॅटो?' आणि टोमॅटोही बंद केला होता. बिचारा टोमॅटो. मला हसू यायला हवं होतं. मी वही मिटून पिशवीत ढकलली. मूल बरं झालं होतं, माझ्या नकळत, माझ्या पाठीमागे, आणि माझा जीव भांड्यात पडण्याऐवजी मला सगळं हातातून काढून घेतल्यासारखं वाटत होतं. कसला बाप असतो असा, मला माहीत नाही. पण होतं ते असं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ती दोन वर्षांची झाल्यावर तपासणीची तारीख दिली होती. तिथे दवाखान्यात अर्धा कप दूध द्यायचं, चार तास बसायचं, बघायचं. मी ती तारीख फोन करून पुढे ढकलली आणि बायकोला सांगितलं की डॉक्टर रजेवर आहेत. दुसरी तारीखही ढकलली. तेव्हाही डॉक्टर रजेवर. कारण विचाराल तर मी म्हणेन, भीती. आणि ते खोटं नाही. ढब्बी चौदा महिन्यांची असताना एकदा तिच्या पोटात दूध गेलं होतं, आणि त्या दिवशी ती उलट्या करून करून चिंधीसारखी पडली, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळे उघडेनात. दोन दिवस सलाइन. एवढ्याशा हातावर पट्टी, पट्टीखाली सुई. ते ज्याने पाहिलंय तो तारीख पुढे ढकलेलच. पण त्या भीतीच्या आत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी वहीत लिहिलेली नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं कामावर होतो आणि मुलीपाशी माझी आई होती. तेव्हा ती रोज यायची. दुपारी तिने मला फोन केला. मी तोंडाला मास्क लावून एका पुढच्या दाताची कड घासत होतो, मशीनची घरघर चालू, फोन खांद्यात धरलेला. आई म्हणाली, "अरे, कपाटात लापशीचं पाकीट आहे, पाण्यात कालवून देऊ का? मला चष्म्याशिवाय ते बारीक दिसत नाही, चष्मा घरी राहिला." कपाटात पाकीट मीच आणून ठेवलेलं होतं, बिनदुधाचं, दोनदा वाचून आणलेलं. मी म्हणालो, "दे गं, काही होत नाही." आणि फोन ठेवला. त्या पाकिटाशेजारी शेजारणीने प्रेमाने आणून दिलेलं दुसरं पाकीट होतं, तसंच दिसणारं, दूधपावडरीचं. ते मी आदल्या रात्री बघितलं होतं. काढून टाकायचं राहून गेलं होतं. कोणतं पाकीट, एवढं विचारायचं होतं मी. दोन शब्द. मशीन बंद करावी लागली असती.

इस्पितळाच्या लांबट खोलीत, बायकोसमोर, मी आईला म्हणालो, "विचारायचं तरी होतंस. एक फोन करायचा होतास." ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं मला आजही सांगता येत नाही. ते आधी गेलं आणि मग मला ऐकू आलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पलंगावरची चादर उचलली आणि घडी घालायला लागली. घडी घालून झाल्यावर उलगडली आणि पुन्हा घातली. बायको रडत होती. तिने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर आई रोज यायची बंद झाली. आम्ही पाळणाघर शोधलं. आता ती रविवारी येते, खुर्चीच्या कडेला बसते, दोन्ही हात मांडीवर. ढब्बी तिच्यासमोर खेळणी आणून टाकते. आई खेळण्यांना हात लावते. खाण्याच्या कुठल्याही वस्तूला लावत नाही. मध्ये एकदा ढब्बीने केळं सोलून मागितलं, तर आईने ते केळं माझ्याकडे धरलं आणि विचारलं, "हे चालतं ना रे?" केळं. मी म्हणालो, चालतं. तरी सोललं मीच.

दीड वर्ष मी मूग गिळून बसलो. आणि जोवर दूध बंद होतं तोवर ते सोपं होतं, हे मला त्या बसमध्ये कळलं. यादी, वही, वेगळं टेबल, सगळं चालू होतं तोवर दोष कोणाचा हे ठरलेलं होतं आणि पहारेकरी कोण हेही. मूल बरं झालं की लोक मागचं बोलायला बसतात. कोणीतरी हसत हसत म्हणतं, काय दिवस होते ते, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं गं? मला तो प्रश्न नको होता. त्यासाठी मी एका अडीच वर्षांच्या पोरीला खिडकीपाशी एकटं जेवायला बसवलं. असं लिहिलं की भयंकर दिसतं. रोज करताना दिसत नव्हतं.

घरी आल्यावर मी बायकोला दह्याचं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, डबा ओट्यावर ठेवता ठेवता. तिने आधी ढब्बीला जवळ ओढून पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, मग खाली बसली आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, "तीन आठवडे? आणि मी घरात काळी कॉफी पितेय." मीही हसलो. मग ती म्हणाली, "उद्या फोन करते डॉक्टरांना. आले असतील ना रजेवरून?" मी म्हणालो, मी करतो. ती म्हणाली, "नको, मीच करते." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "डॉक्टर वर्षभरात एक दिवस रजेवर गेलेल्या नाहीत. तारखा तू बदलल्यास, दोन्ही वेळा. तिथल्या बाईंनी वहीत बघून सांगितलं. त्यांचीही वही असते." मी म्हणालो, मला भीती वाटत होती. "ते मी समजू शकते," ती म्हणाली. "रागावलेय, पण समजू शकते. अजून काही असलं तर आत्ताच सांग. पुन्हा असं तिसऱ्याकडून कळायला नको." ढब्बी आतल्या खोलीत डबे पाडत होती. मी म्हणालो, "नाही. अजून काही नाही."

गुरुवारी दवाखान्यात ढब्बी अर्धा कप दूध प्यायली आणि तिने अजून मागितलं. आम्ही चार तास बसलो. तिने तिथली सगळी चित्रांची पुस्तकं उलटी धरून वाचली, एका छोट्या मुलाची टोपी पळवली, झोपली, उठली. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, "संपलं हे. आता घरी जा आणि इतरांसारखं राहा." मला त्यांनी वेगळं काही ऐकवलं नाही, फक्त निघताना म्हणाल्या, "सहा महिने आधीही चाललं असतं." बायकोने येताना वाटेत दुकानातून दूध घेतलं, दही घेतलं, लोणी घेतलं. पाकीट उलटं धरून वाचायची सवय म्हणून माझा हात पुढे गेला. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. शुक्रवारी तिचा कप ऑफिसातून घरी आला. त्याच सकाळी मी पाळणाघरातली यादी भिंतीवरून काढली. प्लास्टिक निघालं, चिकटपट्टी भिंतीलाच राहिली. ताईंनी खिडकीपाशचं टेबल आधीच उचललेलं होतं, तिथे आता खोकी ठेवली होती.

रविवारी आई आली. बायकोने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती येताना दहीच घेऊन येईल असं मला वाटलं होतं. ती रिकाम्या हाताने आली. नेहमीच्या खुर्चीवर, कडेला. बायको त्या दिवशी फार चांगल्या मनःस्थितीत होती. मला वाटतं तिलाही त्या दीड वर्षाचं कुठेतरी वाईट वाटत होतं. तिने वाटीत दही काढलं, साखर घातली, चमचा घातला आणि वाटी आईच्या हातात दिली. "आई, आज तुम्ही भरवा." ढब्बी आईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तोंड उघडून. आईने वाटी घेतली. दोन्ही हातांनी धरली. चमच्याला हात लावेना. ढब्बी म्हणाली, "आजी, दे." आईने वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. केळं धरलं होतं त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

आता सांगावं, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. वाक्य जुळवूनही झालं होतं: आई, त्या दिवशी तू फोन केला होतास. मी आठवडाभर ते जुळवत होतो, दातांवर काम करतानाही. पण बायको समोर उभी होती, याच आठवड्यात मी तिला नाही म्हणालो होतो, आणि खोली इतकी आनंदात होती. मला वाटलं, आई एक घास भरवेल आणि सगळं आपोआप मिटेल, सांगायची गरजच उरणार नाही. म्हणून मी हसलो आणि म्हणालो, "दे गं, काही होत नाही."

आईने वाटी टेबलावर ठेवली. रागाने नव्हे; सांडू नये म्हणून जपून ठेवतात तशी. ती म्हणाली, "तेव्हाही तू असंच म्हणाला होतास."

तिला ते बोलायचं नव्हतं, हे मी बघितलं. ते तिच्या तोंडून आधी गेलं आणि मग तिला ऐकू आलं. तिने लगेच ढब्बीच्या केसांवरून हात फिरवायला सुरुवात केली. ढब्बीने टाचा उंचावून वाटी ओढली आणि चमचा बाजूला टाकून बोटांनी खायला लागली. बायकोने विचारलं, "तेव्हा म्हणजे कधी?" तिने आईला विचारलं होतं. आईने मान हलवली, काही नाही गं, सहज आपलं, असं पुटपुटली आणि ढब्बीच्या हनुवटीवरचं दही पुसण्यासाठी रुमाल शोधू लागली. ती पुन्हा गप्प बसणार होती. दीड वर्ष बसली तशी, माझ्यासाठी, आणखी कितीही वर्षं. तिचा रुमाल तिच्या हातातच होता आणि ती पिशवीत शोधत होती.

"आईने मला फोन केला होता," मी म्हणालो. "लापशी द्यायच्या आधी. कामावर."

बायकोने ढब्बीने टाकलेला चमचा उचलला. आईने पिशवीत शोधायचं थांबवलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना रे, मशीन चालू होती तुझी."